शाळेतील अग्निसुरक्षा : साधन आणि सराव

प्राथमिक शाळा हे बालकांचे विद्यास्थान होय; त्याचबरोबर शिक्षक, स्वयंपाकी आणि मदतनीस यांची ती कामाची जागाही होय. ज्या कामाच्या जागी चूल किंवा गॅसची शेगडी पेटते, विजेच्या तारा खेळविलेल्या असतात आणि कागद, लाकूड, कापड यांचा साठा असतो, तेथे आगीचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. पुष्कळ ठिकाणी हा विचार भिंतीवर अग्निशामक यंत्र टांगण्यापाशी संपतो. यंत्र आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु ते हाताळण्याची सवय आणि प्रसंगी कोणी काय करावयाचे याचा ठराव नसेल, तर ते केवळ भिंतीवरच राहते.

या बाबतीत एका दुःखद घटनेचे स्मरण करणे उचित ठरेल. तामिळनाडू राज्यातील कुंभकोणम या गावी १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली. ती शाकारलेल्या छपराला भिडली आणि वरच्या मजल्यावरील वर्गांपर्यंत पोहोचली. जिना अरुंद होता आणि छप्पर ज्वालाग्राही होते. त्या आगीत ९४ बालके मृत्युमुखी पडली. ठिणगी लहानच होती. तिला अनर्थाचे रूप आले ते इमारतीच्या रचनेमुळे आणि पूर्वतयारीच्या अभावामुळे.

या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही अंतर्भूत आहे, असे त्यात मानले गेले. शाळांत अग्निशामक साधने बसवावीत, इमारतीत ज्वालाग्राही पदार्थ साठवू नयेत आणि शाळेतील कर्मचाऱ्यांना ही साधने वापरण्याचे शिक्षण द्यावे, असे आदेश न्यायालयाने दिले. साधनांच्या जोडीला शिक्षणाचा उल्लेख आला आहे, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

हे शिक्षण आगीच्या स्वरूपापासून सुरू व्हावे. जळणारा पदार्थ, हवेतील प्राणवायू आणि उष्णता या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे आग टिकते. त्यांपैकी एक काढून घेतली की ती विझते. लाकूड व कागद यांच्या आगीवर पाणी टाकले असता उष्णता जाते. कढईतील तेल पेटल्यास मात्र पाणी कदापि टाकू नये. पाण्याची तत्काळ वाफ होऊन पेटते तेल चोहोकडे उडते. अशा वेळी शेगडी बंद करून कढईवर झाकण सरकवावे व ती हलवू नये. विजेच्या आगीत प्रथम मुख्य बटण बंद करावे. प्रवाह चालू असता पाणी वापरणे म्हणजे प्राणाशी खेळणे होय. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो. त्याचा वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये.

कोरड्या भुकटीचे यंत्र वापरण्याची रीत सोपी आहे. पिन ओढावी, नळीचे तोंड ज्वालांच्या शेंड्याकडे न धरता बुडाशी धरावे, मूठ दाबावी आणि नळी डावीकडून उजवीकडे फिरवीत राहावे. लहान यंत्रातील भुकटी अर्ध्या मिनिटाच्या आतच संपते. म्हणून हे यंत्र नुकत्याच लागलेल्या लहान आगीपुरतेच उपयोगी आहे, आणि ते वापरणाऱ्याच्या पाठीशी बाहेर पडण्याची वाट मोकळी असलीच पाहिजे. दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे दरमहा पाहून नोंदवावे.

परंतु यंत्राच्या ज्ञानाहून महत्त्वाचा आहे तो कामाचा क्रम. आग दिसताच तिच्याकडे धावावे ही मनुष्याची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. शाळेत मात्र तीच घातक ठरते; कारण आगीकडे धावलेल्या शिक्षकामागे वर्ग अनाथ होतो. भ्यालेली लहान मुले बाकाखाली किंवा कोपऱ्यात लपतात, असा अनुभव आहे. तेव्हा प्रथम मुले, नंतर निरोप आणि शेवटी आग, हा क्रम प्रत्येकाच्या मनात ठसला पाहिजे.

दोनशिक्षकी शाळेत ही वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल. धोक्याची घंटा नेहमीच्या घंटेहून निराळी, सलग वाजविली जावी. एका शिक्षकाने हजेरीपट हाती घेऊन मुलांना रांगेने ठरलेल्या मोकळ्या जागी न्यावे. दुसऱ्याने सर्व खोल्या व स्वच्छतागृहे पाहून सर्वांत शेवटी बाहेर पडावे. दिव्यांग बालकाला कोण सोबत करील, हे नावानिशी आधीच ठरवावे. स्वयंपाकी ताईंनी शक्य असल्यास गॅस बंद करून बाहेर यावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर गावाचे नाव, शाळेची खूण व रस्ता सांगावा. बाहेर हजेरी पुकारून एकूण एक मुलाची गणती करावी. दप्तर, कागदपत्रे किंवा सामान आणण्यासाठी कोणीही पुन्हा आत जाऊ नये.

ही वाटणी कागदावर राहिली तर निरुपयोगी होय. तिचा सराव झाला पाहिजे. शाळा सुरू होताच एकदा आणि पुढे प्रत्येक सत्रात एकदा असा सराव घ्यावा. घंटा वाजल्यापासून हजेरी पूर्ण होईपर्यंत किती वेळ लागला, ते लिहून ठेवावे. एखाद्या वेळी मुख्य दार धुराने भरले आहे असे समजून दुसऱ्या वाटेने मुलांना बाहेर काढावे. बंद पडलेली कडी, वाटेतील जुनी बाके, हरवलेली किल्ली हे दोष अशाच वेळी उघडकीस येतात. धुरात वाकून चालावे, अंगावरील कपडे पेटल्यास न धावता जमिनीवर लोळावे आणि भाजलेल्या भागावर थंड पाणी पुष्कळ वेळ ओतावे, हे मुलांनाही खेळातून शिकविता येते.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात आग विझविताना अग्निशामक दलाचे अनेक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने जवळच्या नगरपरिषदेच्या अग्निशामक दलास शाळेत पाचारण करून प्रात्यक्षिक पाहावे. तथापि खेड्यातील शाळेपर्यंत बंब पोहोचण्यास वेळ लागतो, आणि आगीची पहिली काही मिनिटे शाळेत हजर असलेल्यांच्याच हाती असतात. त्या मिनिटांत नवे काही सुचत नाही. जे अंगवळणी पडले असेल, तेच हातून घडते. म्हणून शाळेच्या वार्षिक नियोजनात या सरावाची तारीख आजच लिहिली जावी.