डोळ्यात दडलेला घड

सप्टेंबर लागला की नाशिक, सांगली, सोलापूर भागातले द्राक्ष बागायतदार बागेतून निवडक काड्या कापतात, त्यांची जुडी बांधून वर प्लॉटचं नाव लिहितात आणि प्रयोगशाळा गाठतात. तिथे काडीवरचा एकेक डोळा पात्याने चिरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला जातो. बाहेरून तपकिरी, टणक, सुकल्यासारखा दिसणारा हा डोळा आतून चांगलाच गजबजलेला असतो. एकावर एक मिटलेली कोवळी पानं आणि त्यांच्या आडोशाला एक खडबडीत, पांढुरका उंचवटा. हा उंचवटा म्हणजे फेब्रुवारीत बाजारात येणारा घड. अजून छाटणी व्हायची आहे, फूट निघायची आहे, फुलोरा तर लांबच. पण घड तिथे हजर आहे. कितव्या डोळ्यात तो आहे हे समजलं की कात्री कुठे चालवायची ते ठरतं. अंदाज चुकून दोन डोळे खाली कापलं, तर घडच छाटले जातात आणि वर्षभर नुसता पाला सांभाळत बसावं लागतं.

हा घड तिथे येतो कसा, ही गोष्ट त्याहून नवलाची. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी फूट वाढू लागते. साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात तिच्या डोळ्यांच्या आत सूक्ष्म उंचवटे तयार होतात. पण आपण पुढे काय व्हायचं, हे त्या उंचवट्याचं अजून ठरलेलं नसतं. तो घड होऊ शकतो, किंवा बाळी होऊ शकतो. बाळी म्हणजे तारेला वेढे घालत वर चढणारा वेलीचा तो नाजूक ताणा. फळ आणि ताणा ही एकाच अवयवाची दोन रूपं आहेत. डोळ्यावर भरपूर ऊन पडलं, काडीत अन्नसाठा असला आणि सायटोकायनिन या संप्रेरकाचं पारडं जड झालं की घड बनतो. आभाळ झाकोळलेलं राहिलं, पानांची गर्दी झाली आणि जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक वाढलं की वेलीला फळापेक्षा उंची प्यारी होते आणि बाळी निघते. पुढे ऑक्टोबरमध्ये फूट निघाल्यावरही हा सौदा पक्का नसतो. घड मध्येच जिरतो, त्याचा आखडलेला गोळी घड होतो, कधी त्याची थेट बाळीच होऊन बसते.

पदव्युत्तर वर्गात शिकवावं असं हे वनस्पतिशास्त्र. ते पिंपळगाव बसवंतच्या किंवा तासगावच्या पारावर सहज बोललं जातं, कारण त्यावाचून इथे द्राक्ष पिकतच नाही.

मुळात द्राक्षवेल ही थंड मुलखाची. युरोपात कडाक्याची थंडी पडते, पानं गळतात, वेल झोपते आणि वसंतात सगळे डोळे एकदम फुटतात. आपल्याकडे तिला झोपवेल अशी थंडीच नाही. मोकळी सोडली तर ती बारा महिने वाढत राहील आणि टोकाचेच एक-दोन डोळे फुटतील. म्हणून महाराष्ट्रात वर्षातून दोनदा छाटणी करून एकदाच पीक घेतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ती काडी तयार करण्यासाठी. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, ती घड बाहेर काढण्यासाठी. थंडीने जे काम केलं असतं ते हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण डोळ्यांना हाताने पुसून करवून घेतात; त्याला पेस्टिंग म्हणतात. नंतर फुटींची विरळणी, शेंडा खुडणं, घड ठरावीक अवस्थेत जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवणं, मग मण्यांत पाणी उतरण्याची वाट पाहणं. यातलं प्रत्येक काम दिवस मोजून करायचं असतं. चार दिवसांचा उशीर झाला तर औषध तेच राहतं, पण परिणाम उलटा होतो.

एवढं बारीक ज्ञान एका माणसाला येतं कुठून? इथे एक साधा हिशेब मांडून पाहावा. द्राक्षाचं पीक वर्षातून एकदाच येतं. पंचविशीत बाग हाती घेतलेला शेतकरी साठीपर्यंत राबला, तरी त्याच्या वाट्याला पस्तीस हंगाम येतात. म्हणजे उभ्या आयुष्यात पस्तीस प्रयोग. त्यातले काही गारपिटीने नेलेले, काही भावाने मारलेले. एवढ्या भांडवलावर कोणी पारंगत होऊ शकत नाही. पण दोनशे बागायतदार एका सभागृहात बसून आपापला हंगाम उघड करतात, तेव्हा एका दुपारी दोनशे हंगामांचा अनुभव प्रत्येकाच्या पदरात पडतो. हंगाम वाढवण्याचा याशिवाय दुसरा मार्ग बागेला बांधलेल्या माणसाला सापडलेला नाही.

महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी तो फार लवकर ओळखला. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ सहा दशकांहून अधिक काळ चालू आहे. नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर असे त्याचे विभाग आहेत. दोन्ही छाटण्यांच्या आधी गावोगावी चर्चासत्रं भरतात, पावसाळ्यात राज्यभरातल्या बागायतदारांची द्राक्ष परिषद होते. मंचावर शास्त्रज्ञ असतात, पण खरी रंगत प्रश्नोत्तरांत. ‘सर, माझा प्लॉट पोंगा अवस्थेत असताना पाऊस झाला, तर’ अशी सुरुवात झाली की सगळं सभागृह कान टवकारतं. तो पाऊस उद्या आपल्याही प्लॉटवर, नेमका डोळे फुटत असताना, पडणार असतो. १९९७ साली पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हा संशोधकांना ऐकणारा आणि उलटतपासणी घेणारा वर्ग आयताच मिळाला.

शेतकऱ्याची शक्कल आणि शास्त्रज्ञाची नजर एकत्र आली की काय घडतं, याचं जुनं उदाहरण फ्रान्सचं आहे. १८७८च्या सुमारास अमेरिकेतून डाऊनी रोग तिथे पोहोचला आणि पानं जळून बागा उजाड होऊ लागल्या. १८८२च्या शरदात बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे मेदोक भागातून जात होते. रस्त्याकडेच्या ओळींची पानं शाबूत आणि आतल्या ओळी मात्र झडलेल्या, हे त्यांच्या नजरेला खटकलं. चौकशी केल्यावर बागेच्या व्यवस्थापकाने खुलासा केला. येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळसर डाग पाहून माणसं फळाला हात लावत नाहीत. मियार्देंनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीवर लागू पडला होता. आज निफाडचा शेतकरी मोरचूद-चुन्याचं ‘एक टक्का बोर्डो’ मिश्रण फवारतो, त्यामागे हा रस्ता आणि ही विचारपूस आहे.

आपल्याकडे याच्याही पुढची मजल गाठली गेली, ती वाणांच्या बाबतीत. द्राक्षाची लागण बीपासून होत नाही, काडीपासून होते. त्यामुळे एका जातीच्या सगळ्या वेली म्हणजे मूळच्या एकाच वेलीचे तुकडे. थॉमसन सीडलेस या जातीला एकोणिसाव्या शतकातल्या कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन या बागायतदाराचं नाव चिकटलं. वेल मूळची पश्चिम आशियातली. पण लाखो डोळ्यांतल्या एखाद्या डोळ्यात कधी तरी अचानक बदल होतो आणि त्यातून निघालेल्या काडीचे मणी वेगळे दिसतात. बागेत रोज फिरणाऱ्या माणसालाच ते दिसणार. तासगाव भागात वसंतराव आर्वे यांनी अशाच निवडीतून तास-ए-गणेश हा वाण पुढे आणला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या बागेतून लांब मण्यांचा सोनाका आणि काळा शरद सीडलेस आला. यांपैकी कोणाचा वाण प्रयोगशाळेत जन्मला नाही. सापडलेली काडी शेजाऱ्याच्या खुंटावर चढली, तिथून पाहुण्यांच्या गावी गेली आणि बघता बघता अख्खे तालुके बदलले. ओळखीपाळखीच्या धाग्यांवरून झालेला हा प्रसार कोणत्याही सरकारी योजनेला हेवा वाटावा असा होता.

शेतकऱ्यांचं हे जाळं चूकही तितक्याच वेगाने पसरवतं, हे २०१०ने दाखवलं. काडीत घड बनावा म्हणून वाढ रोखणारं सीसीसी हे संजीवक वापरण्याची पद्धत होती. त्यामागचं शास्त्र बरोबरच होतं: ते जिबरेलिन कमी करतं आणि घडाचं पारडं जड होतं. पण त्याचा अंश वेलीच्या लाकडात टिकून राहतो. उन्हाळ्यात फवारलेलं संजीवक दुसऱ्या छाटणीनंतर, पुढच्या वर्षीच्या मण्यांत उतरलं. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, भाव कोसळले. खरं तर २००६पासून ग्रेपनेट ही व्यवस्था होती. निर्यातीच्या प्रत्येक खोक्यावरून ते कोणत्या प्लॉटमधून आलं हे शोधता येत होतं. मात्र जो घटक तपासणीच्या यादीतच नव्हता, तो सापडणार कसा? मग यादी बदलली आणि बागाही बदलल्या. पाण्याचा योग्य ताण, नत्राला लगाम, वेळेवर शेंडा खुडून सबकेन म्हणजे उपकाडी काढणं, अशा मार्गांनी घड घडवायला शेतकरी शिकले. ही वजाबाकीही चर्चासत्रांतूनच गावोगावी पोहोचली.

वाइनच्या द्राक्षाने याच शेतकऱ्यांपुढे वेगळाच पेच टाकला. खाण्याच्या द्राक्षात मोठा, कुरकुरीत, पातळ सालीचा मणी म्हणजे कसब. वाइनला नेमका उलटा मणी लागतो: लहान आणि जाड सालीचा, कारण रंग आणि गंधाचा मोठा वाटा सालीत असतो. ज्याने घड बुडवून बुडवून मणी फुगवण्यात हयात घालवली, त्याला तो हात आवरायला शिकावं लागलं. राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या साथीने नाशिकला सुला ही वायनरी उभी केली. तिची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. करारावर लागवड करणाऱ्याच्या बागेत वायनरीचा माणूस येऊ लागला. दोघंही मणी तोंडात टाकतात, बी चावून पाहतात. ती तपकिरी होऊन कडकन फुटली आणि साखर हवी तिथे पोहोचली की तोडणीचा दिवस ठरतो. मांजरीच्याच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. २०११ मध्ये भारत द्राक्ष आणि वाइनच्या त्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य झाला, जिची पायाभरणी १९२४ साली झाली होती.

वाइन करणाऱ्यालाही हंगामांची तीच टंचाई. नाशिकची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, फ्रान्सची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे तरुण वाइनमेकर इकडचा हंगाम उरकून तिकडे जातो, तिकडचा माणूस इकडे येतो आणि एका वर्षात दोन हंगाम पदरी पाडतो. पस्तीसाचे सत्तर करायची ही युक्ती.

पण एकाच बाजारात माल विकणारी माणसं आपली गुपितं एकमेकांना का सांगतात? उदारपणा असतोच, त्याखाली गरजही आहे. डाऊनीचे बीजाणू वाऱ्यावर बांध ओलांडतात. शेजाऱ्याचा अडाणीपणा आपल्या पानांवर उगवतो. परदेशातल्या बंदरात एक कंटेनर नाकारला गेला की बदनामी सगळ्या प्रदेशाची होते. या पिकात शेजारी शहाणा असणं हा स्वतःचाच विमा आहे.

हे खुलं दार थोडं किलकिलं होऊ लागलं आहे, हेही खरं. आरा मालिकेतल्यासारखे नवे वाण पेटंटच्या कुंपणात येतात; मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपन्यांतून रीतसर स्वामित्वशुल्क भरून ते लावायचे असतात. काडी शेजाऱ्याला देणं आता कराराचा भंग ठरू शकतं. प्लॉटला भेट देऊन फी घेणारे सल्लागार वाढले आहेत. आणि ज्यांच्या बोटांत सर्वांत जास्त हंगाम साठले आहेत, त्या पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांना परिषदेचं निमंत्रण नसतं. एका मोसमात त्या कितीतरी बागा हाताळतात. कोणाची फूट एकसारखी निघाली आणि कोणाची नाही, हे मालकाच्या आधी त्यांना कळतं.

२०२५ मध्ये मोसमी पाऊस मे महिन्यातच महाराष्ट्रात उतरला. डोळ्यांच्या आत घड की बाळी हा निवाडा व्हायचा, नेमक्या त्याच आठवड्यांत आभाळ भरून राहिलं. खरड छाटणी अलीकडे घ्यावी का, पाल्याची दाटी किती ठेवावी, आच्छादन परवडेल का, याची उत्तरं जुन्या वेळापत्रकात नाहीत आणि नव्या हवामानाचा अनुभव एकट्या कोणाच्याच गाठीशी नाही. तो जमवायला आयुष्याचे पस्तीस हंगाम खर्ची घालण्याइतका अवधीही कोणाकडे उरलेला नाही. त्यामुळे पुढच्या चर्चासत्रात सर्वांत मोलाचा माणूस तो असेल, जो उभा राहून आपल्या प्लॉटला घड का लागला नाही हे सगळ्यांना सविस्तर सांगेल.