मोटरसायकल मंद गतीवर बंद का पडते?

मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दारी आज बैलजोडीइतकीच मोटरसायकलही गरजेची झाली आहे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी-१०० ही गाडी बाजारात आली, आणि त्याच वर्षी वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. पुढे कमी पेट्रोलवर चालणारी ही वाहने खेडोपाडी पोहोचली. लातूर, उदगीर किंवा नांदेडच्या मोंढ्यात भाव पाहून येणे, डेअरीवर दूध पोहोचविणे, पेरणीच्या ऐन घाईत बियाणे आणणे ही कामे तिच्यावरच होतात. अशा वेळी गाडी मिसिंग करू लागली किंवा स्लोवर उभी राहीना, तर दिवस वाया जातो. आणि कारण न शोधता सुटे भाग बदलले, तर पैसाही जातो.

इंजिनास योग्य प्रमाणात पेट्रोल, स्वच्छ हवा आणि वेळेवर जोरदार ठिणगी या तीन गोष्टी लागतात. दोष बहुधा यांपैकीच एकीत असतो. म्हणून स्क्रू फिरविण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी. इंजिन थंड असावे, काम उघड्यावर करावे आणि जवळपास विडी वा दिवा नसावा.

हवा : सोयाबीनच्या मळणीत आणि काळ्या जमिनीच्या गाडीवाटेवर उडणारी बारीक धूळ एअर फिल्टरमध्ये साचते. हवा कमी पडली की पेट्रोलचे प्रमाण वाढते, काळा धूर निघतो आणि गाडी ओढत नाही. स्पंजचा फिल्टर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुऊन, वाळवून, तेल लावून बसवावा. कागदी फिल्टर धुऊ नये, तो बदलावा.

पेट्रोल : टाकीच्या झाकणातील वायुछिद्र बुजले, तर गाडी काही अंतर जाऊन बंद पडते. झाकण उघडताच ती पूर्ववत चालू लागली, तर दोष तेथेच आहे. कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजावे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉल ओलावा शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट असावे आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये.

ठिणगी : प्लग काढून त्याचे टोक पाहावे. तांबूस-तपकिरी रंग प्रकृती ठीक असल्याची खूण होय. कोरडी काजळी जादा पेट्रोलची, पांढरेपणा कमी पेट्रोलचा आणि तेलकट ओलावा इंजिनाच्या झिजेचा सूचक असतो. टोकातील फट बहुतेक गाड्यांत ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा.

आता मुख्य प्रश्न. गाडी वेगात नीट चालते, पण रेस सोडताच बंद पडते, असे का? रेस सोडल्यावर पेट्रोल केवळ स्लोच्या जेटमधून येते. त्याचे छिद्र अतिशय बारीक असल्याने थोडी घाणही ते बुजविते. चोक थोडा ओढताच इंजिन सुधारले, तर पेट्रोल कमी पडत आहे, म्हणजे जेट बुजला आहे किंवा कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबर चिरून जादा हवा शिरत आहे, असे अनुमान निघते. जेट पितळेचा असतो. त्यात तार घालू नये. पंक्चरवाल्याकडील दाबाच्या हवेने तो साफ करावा. एवढे झाल्यावरच इंजिन पाच मिनिटे तापवून स्लोचा स्क्रू लावावा. शंभर सी.सी.च्या पुष्कळ गाड्यांत मिनिटास १४०० च्या आसपास फेरे योग्य ठरतात.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानक लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्बोरेटरऐवजी इंधन फवारणीची यंत्रणा आली. तिच्यात हे स्क्रू व जेट नसतात. हवा, पेट्रोल व प्लग तपासूनही इंजिनाचा इशारा दिवा पेटलेलाच राहिला, तर गाडी जाणत्या कारागिराकडेच न्यावी. सर्व उपायांनंतरही दोष कायम राहिल्यास व्हॉल्व्हची फट व कॉम्प्रेशन तपासून घ्यावे.

पेरणीपूर्वी आपण तिफण तपासतो, मळणीपूर्वी यंत्रास तेल देतो. त्याच वेळी फिल्टर व प्लग पाहण्याची सवय ठेवल्यास हंगामाच्या गर्दीत गाडी वाटेत अडणार नाही.