उंदीर उताणा, स्टॉपवॉच चालू!

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पोलिसांनी गांजाची शेती उपटली, ही बातमी आपण पेपरात अधूनमधून वाचतोच. भुसावळहून पुढे खंडव्याकडे तर इंग्रजांच्या काळात गांजा सरकारी परवान्याने पिकायचा! होळीची भांगही आपल्याला नवीन नाही. पण भांगेवर झोपेची गोळी पडली तर काय होतं, हे कुणी सांगत नाही. उंदरांनी सांगितलंय.

प्रयोग साधाच. उंदराला पेंटोबार्बिटोन हे झोपेचं औषध टोचायचं आणि झोपला की उताणा ठेवायचा. शुद्धीतला उंदीर क्षणात पालथा होतो, गुंगीतला तसाच पडून राहतो. स्वतःहून पालथा होईपर्यंत मिनिटं मोजायची. आधी गांजाचा अर्क दिला, तर ही मिनिटं वाढतात.

का वाढतात? आपली हॉस्टेलची टाकी आठवा. पाणी जास्त साठायचं तर एक नळ आणखी सोडा, नाहीतर खालचा पाइप तुंबवा. 1972 मध्ये ऑक्सफर्डच्या पेटन आणि पर्टवी यांना दिसलं, की गांजातलं कॅनाबिडिऑल (सीबीडी) उंदराच्या लिव्हरमधली एन्झाइम्स अडवतं. म्हणजे पाइप तुंबतो, गोळी रक्तातून लवकर जातच नाही. गंमत अशी, की ज्याची नशा चढत नाही तेच हे काम करतं!

नशा चढते ती टीएचसीची, आणि तो दुसरा नळ, थेट मेंदूवर. त्यासाठी पर्टवींनी वेगळी टेस्ट काढली. उंदराला आडव्या कडीवर ठेवायचं आणि तो किती वेळ पुतळ्यासारखा राहतो ते बघायचं. 1988 मध्ये दिसलं, की डायझेपामच्या जातीच्या गोळ्या आधी दिल्या, तर टीएचसीने येणारा हा ताठपणा आणखी वाढतो.

कायद्यात (1985 चा एनडीपीएस) नुसती पानं गांजात धरत नाहीत, म्हणून भांग सुटते. लिव्हरला हा फरक कळत नाही.

आता उलटी गोष्ट. 2019 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एंडोस्कोपीच्या 250 पेशंटच्या नोंदी तपासल्या. नियमित गांजा घेणाऱ्यांना प्रोपोफॉल हे भुलीचं औषध 220 टक्के जास्त लागलं होतं! म्हणजे एकदा घेणाऱ्याचं गणित वेगळं, रोजच्याचं वेगळं, आणि डॉक्टरला बाहेरून बघून ते ओळखता येत नाही. उद्या हायवेवर बाइक घसरून धुळ्याच्या सिव्हिलमध्ये टेबलवर पडलात आणि भूलतज्ज्ञाने विचारलं, तर काय घेतलं आणि कधी घेतलं ते खरं सांगा. हवं तर घरच्यांना आधी बाहेर पाठवा.