सवलती नव्हत्या तेव्हाचं काय?

‘सवलती मिळाल्या म्हणून पुढे गेले.’ हिंगोलीच्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यापासून मुंबईपर्यंत कुठल्याही हॉटेलात चहा सांगा, दलितांमधल्या बदलाचं हे एका ओळीचं उत्तर कुणीतरी ऐकवतंच. तारखा विचारल्या की विषय बदलतो. म्हणून आधी तारखाच बघू.

मेलेली ढोरं ओढू नका, मृतमांस खाऊ नका, असं बाबासाहेबांनी महाडला सांगितलं ते मार्च १९२७ मध्ये. हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाचा. त्या राज्यातली दलितांची मक्रणपूरची परिषद १९३८ ची. राज्यघटना लागू झाली १९५० ला. गावकीची कामं नाकारून ज्यांनी बहिष्कार सोसला, त्यांच्या पदरात तेव्हा कुठली सवलत होती?

पुढचं तर याहून अवघड. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू आणि शिखांपुरताच होता. बौद्ध झालं की केंद्रातलं आरक्षण गेलं. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राने दुरुस्ती केली थेट १९९० ला. चौतीस वर्षं! कागदावर हिंदू राहून अनेकांनी वाट काढली, हेही खरं. तरी सवलतीवर पाणी सोडून लाखो लोक दीक्षा घेतात, हे ‘सवलतीसाठी’च्या हिशेबात कसं बसवायचं? २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ७३ टक्के, बौद्धांची ८१. आणि देशातले तीन चतुर्थांश बौद्ध महाराष्ट्रातले.

आरक्षणाचा उपयोग झाला, कोण नाही म्हणतो? पण त्यासाठी आधी शिकलेलं पोरगं लागतं. मराठवाड्यात ती सोय केली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाने, १९५० पासून.

जमिनीचंही तेच. गायरान कुणी फुकट वाटलं नाही. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह १९५९ चा; १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ चा. त्यासाठी तलाठ्याच्या १-ई नमुन्यातली अतिक्रमणाची नोंद किंवा दंडाची पावती दाखवायची. ज्या कागदाने गुन्हेगार ठरवलं, तोच हक्काचा पुरावा! सातबारा मात्र आजही अनेकांच्या नावावर नाही.

उरलेले गैरसमज थोडक्यात. ‘दलित म्हणजे एकच समाज’: राज्याच्या यादीत ५९ जाती आहेत, बदल सगळीकडे सारखा पोचलेला नाही. ‘आरक्षण दहाच वर्षांचं होतं’: ती मुदत लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांची, शिक्षण-नोकरीची नव्हे. ती वाढत वाढत सध्या २०३० पर्यंत आली आहे.