नाव मेल्विनचं, आवाज टेडीचा

‘हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स’ हे नाव वाचलं की वाटतं, तो भरदार, किंचित खरखरीत आवाज मेल्विनचाच असणार. अमेरिकेतही पुष्कळांची हीच समजूत होती. आवाज होता टेडी पेंडरग्रासचा. हा गडी फिलाडेल्फियाच्या या गायकमंडळीत आला तो ड्रम वाजवायला. १९५४ पासून गाणाऱ्या मंडळींना १९७० मध्ये कळलं, की मागे बसलेला वादक पुढच्यांपेक्षा सरस गातो. मग त्याला माइकपुढे उभं केलं गेलं. मंडळींचे दिवस पालटले, पाटी मात्र मेल्विनचीच राहिली.

१९७५ च्या अखेरीस आलेला ‘वेक अप एव्हरीबडी’ हा टेडीचा या मंडळींबरोबरचा शेवटचा अल्बम. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ या जोडगोळीच्या फिलाडेल्फिया इंटरनॅशनल कंपनीने तो काढला. कंपनीचं बहुतेक ध्वनिमुद्रण सिग्मा साउंड स्टुडिओत व्हायचं आणि साथीला ठरलेला ताफा असायचा. त्यातल्या ड्रमवाल्याचं, अर्ल यंगचं, नाव लक्षात ठेवा.

डिस्कोचा ठेका म्हणून आज जो जगभर वाजतो, तो घडवण्याचं श्रेय बहुतेक जण यंगला देतात, तेही याच मंडळींच्या १९७३ च्या ‘द लव्ह आय लॉस्ट’ या गाण्यासाठी. करामत दिसायला साधी. पायाखालचा मोठा ड्रम चारही मात्रांवर सारखा पडतो. हाय-हॅट म्हणजे पायाने उघडझाप करता येणारी झांजांची जोडी. ती दोन ठोक्यांच्या नेमकी मधे उघडते. धप्-त्स, धप्-त्स. ‘धप्’वर पाय पडतो आणि ‘त्स’ तो उचलायला लावतो. ‘कुर्बानी’तलं बिद्दूचं ‘आप जैसा कोई’ ऐकलेल्यांना डिस्कोच्या ठेक्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

अल्बमचं शीर्षकगीत मात्र नाचायला बोलावत नाही. सुरुवात पियानोवर, शांत. शिक्षक, डॉक्टर, बांधकाम करणारे, एकेकाला हाक मारून जागं केलं जातं. टेडी लहानपणापासून चर्चमध्ये गायलेला. शब्द संपल्यावर तो स्वतःच्या मनाने आळवायला लागतो, तेव्हा पुढ्यात श्रोते नसून प्रार्थनेला जमलेली माणसं आहेत असं वाटतं. उपदेशाची गाणी मला सहसा सोसत नाहीत; हे सोसतं, कारण गाणारा उंचावरून बोलत नाही. अमेरिकेच्या सोल गाण्यांच्या यादीत ते पहिलं आलं.

दुसरं मोठं गाणं ‘डोन्ट लीव्ह मी धिस वे’. कडव्यात टेडी दबक्या आवाजात मनधरणी करतो आणि ध्रुवपदाला सगळा ताफा उसळतो. एवढं गाणं हाताशी असून कंपनीने अमेरिकेत त्याची वेगळी तबकडी काढली नाही! मोटाउन या दुसऱ्या कंपनीच्या थेल्मा ह्यूस्टनने ते गायलं आणि एप्रिल १९७७ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ब्लू नोट्सचं मूळ गाणं निघालं आणि पाचवं आलं. १९८६ मध्ये कम्युनार्ड्स या ब्रिटिश जोडीने तेच गाऊन तिथे पहिला क्रमांक गाठला.

तोवर मंडळी फुटून दहा वर्षं होत आली होती. पैसा आणि पाटीवरचं नाव यांवरून बिनसलं, टेडी बाहेर पडला आणि १९७७ पासून स्वतःच्या नावावर गाजला. मार्च १९८२ मध्ये मोटार अपघातात त्याचं छातीखालचं शरीर लुळं पडलं. १९८५ मध्ये फिलाडेल्फियातल्याच ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या मैफलीच्या मंचावर तो चाकाच्या खुर्चीतून आला आणि गायला. २०१० मध्ये तो गेला.

नाचायचं असेल तर थेल्माचं गाणं लावा, त्यात वाद नाही. ऐकायचं असेल तर टेडीचंच. आणि पहिल्यांदा ऐकताना त्याच्या आवाजाआधी मागची ती उघडझाप करणारी झांज ऐका.