पेटी घेण्याआधी

वाशिम जिल्ह्यात रिसोड-मालेगावकडे कांदा बियाण्याचे प्लॉट फेब्रुवारी-मार्चात पांढऱ्या गोंड्यांनी भरतात. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं. पण फुलातला पराग आधी पिकतो, कुक्षी मागाहून तयार होते. म्हणजे फुलाला दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून द्यावा लागतो. मधमाश्या फिरकल्या नाहीत तर गोंडा दिसायला भरगच्च, पण हातावर चोळला की निम्मा भुसा. वाशिमच्या शेतकऱ्यानं मधापेक्षा या गोंड्यापायी मधमाश्यांच्या पेटीकडे वळावं, असं मला वाटतं.

शिकायचं तर करड्याचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. दुसरी वाट राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची. मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, आणि मध केंद्र योजनेत प्रशिक्षणासोबत पेट्यांना निम्मं अनुदान मिळतं, निम्मे पैसे आपले. पण चार दिवसांत पेटीची भीती जात नाही. त्यासाठी गावात पाच-सहा जणांचा गट हवा आणि निदान एक हंगाम दुसऱ्याच्या पेटीवर हात बसवायला हवा. स्वतःची पेटी त्यानंतर.

पेटीत कुठली माशी ठेवायची? आग्या आणि फुलोरी माश्या उघड्यावर एकच पोळं बांधतात, त्या पेटीत राहत नाहीत. सातेरी आणि मेलिफेरा अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधतात, म्हणून पेटीतल्या चौकटीत रमतात.

पेटी उघडायची ती ऊन आल्यावर, बऱ्याच माश्या चरायला गेलेल्या असताना. मागून किंवा बाजूनं उभं राहायचं, दारासमोर नाही. धूर थोडाच द्यायचा. डंख बसला की त्या जागेला पिकल्या केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्यांना बोलावतो. धुरानं तो झाकला जातो. काटा नखानं खरवडून काढायचा. मग कडेची चौकट सैल करून आधी ती काढायची, म्हणजे मधल्या चौकटींना सरकायला जागा होते.

मधली चौकट पाठीवर ऊन घेऊन तिरपी धरा. घराच्या तळाशी पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्याएवढं अंडं दिसेल. पहिल्या दिवशी ते उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं की राणी शोधत बसू नका. काल-परवापर्यंत ती इथं होती. मेलिफेराची कामकरी माशी २१ दिवसांत बाहेर येते, राणी १६ दिवसांत.

बाकीचं काम घरकामासारखं: स्टँडच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या, उन्हाळ्यात सावली आणि जवळ पाणी, पावसाळ्यात फुलं नसली की साखरेचा पाक. तूर फुलली की माश्या स्वतःचं बघतात. खरी डोकेदुखी फवारणीची. माशी दोन-तीन किलोमीटर जाते, तिला बांध कळत नाही. फवारणी संध्याकाळी करा, हे शेजाऱ्याला एकट्यानं सांगण्यापेक्षा गटानं सांगितलेलं बरं.

कांद्याच्या प्लॉटवर पेटी न्यायची ती गोंडे फुलू लागल्यावर. आधी नेली तर माश्या भलत्याच फुलांना लागतात. हलवायची रात्री, सगळ्या घरी आल्यावर, आणि चांगली लांब. अर्ध्या किलोमीटरवर सरकवली तर दुसऱ्या दिवशी कामकरी माश्या जुन्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत बसतात.