जुन्नरच्या डोंगरातली खतावणी

जुन्नरला येणारा माणूस बहुधा दोन गोष्टींसाठी येतो. एक शिवजन्माचा शिवनेरी आणि दुसरा अष्टविनायकांतला लेण्याद्रीचा गिरिजात्मज. दोन्हीकडे त्याची वाट लेण्यांजवळून जाते आणि दोन्हीकडे लेण्यांकडे त्याचं लक्ष नसतं. लेण्याद्रीला तर तो लेण्यातच उभा असतो. ज्या प्रशस्त दालनात दर्शनाची रांग लागते, ते मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार आहे. तिन्ही भिंतींत मिळून वीस खोल्या आणि मध्ये एकही खांब नसलेलं सभागृह. गणपतीचा गाभारा म्हणजे मागच्या भिंतीतल्या दोन खोल्या एक करून केलेली जागा. देव पुढे कधीतरी आला, घर आधीचं.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. एकाच गावाभोवती एवढी लेणी देशात दुसरीकडे नाहीत. तरीही अजिंठा-वेरूळ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जसं चित्र उभं राहतं, तसं जुन्नर म्हटल्यावर राहत नाही. त्याचं कारण सरळ आहे. इथे अजिंठ्यासारखी चित्रं नाहीत, वेरूळसारखी शिल्पं नाहीत, बुद्धाची भव्य मूर्ती तर नाहीच. कोरडा, करडा कातळ, त्यात कोरलेल्या चौकोनी खोल्या, झोपायला दगडी ओटे आणि दाराशी पाण्याची टाकी. पहिल्यांदा पाहणारा तासाभरात कंटाळू शकतो, हे मान्य करायला हवं.

पण हा साधेपणाच जुन्नरचा खरा ऐवज आहे. इथलं खोदकाम साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतचं. बुद्धाची मूर्ती घडवायची पद्धत तेव्हा या भागात रुजली नव्हती, पूजा स्तूपाची होत असे. कार्ले, नाशिक, कान्हेरी इथेही सुरुवात अशीच झाली. मात्र तिथे पुढच्या शतकांत नवे लोक आले आणि त्यांनी जुन्या भिंतींवर बुद्ध, बोधिसत्त्व कोरले, खोल्या वाढवल्या. जुन्नरला ते घडलं नाही. त्यामुळे सातवाहनकाळातला भिक्खुसंघ कसा राहत होता, हे पाहायचं तर जुन्नरइतकी स्वच्छ जागा नाही.

आणि इथे लेख आहेत. लेण्यांच्या दर्शनी भिंतींवर, टाक्यांच्या वर, खोल्यांच्या दारांशी ब्राह्मी लिपीत कोरलेले तीसहून अधिक लेख. भाषा प्राकृत, मजकूर बहुतेक ठिकाणी एक-दोन ओळींचा. कोणी दिलं, कुठला होता, काय दिलं, एवढंच. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1881 साली पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, त्यात जुन्नरचेही होते. ते सलग वाचले की वाटतं, ही धर्मग्रंथाची पानं नसून एका बाजारपेठेची खतावणी आहे.

लेण्याद्रीचंच घ्या. गणपतीच्या दालनाशेजारच्या सहा क्रमांकाच्या लेण्यात चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचं दालन, आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांच्या माथ्यावर हत्ती, वाघ असे प्राणी, वर लाकडी वाशांची नक्कल केलेलं कमानदार दगडी छत आणि आत स्तूप. बाहेरच्या लेखात दात्याचं नाव आहे सुलसदत्त. तो हेरणिकाचा मुलगा आणि कल्याणचा राहणारा. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. कल्याणच्या माणसाने घाट चढून इथे पैसा का लावावा? कारण त्याचा माल याच वाटेने जात होता. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून निघालेली वाट नाणेघाटाने सह्याद्री चढायची, जुन्नरला पठारावर पोचायची आणि पुढे पैठणकडे जायची. घाट चढून दमलेल्या तांड्याला पहिलं मोठं गाव जुन्नरचं लागत असे.

त्याच वाटेवरून आलेले काही दाते तर फार लांबचे दिसतात. शिवनेरीच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दिल्याची नोंद आहे. तिथेच चित नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. मानमोडीच्या डोंगरात तिसरा यवन भेटतो, त्याचं नाव चंद. यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा, पुढे पश्चिमेकडून आलेल्या परक्यांसाठी तो सैल हाताने वापरला गेला. इरिल हे नाव परकं वाटतं, चित आणि चंद इथल्या मातीत मुरलेली वाटतात. पहिल्या पिढीने व्यापार केला आणि पुढच्या पिढीने इथली नावं घेतली, असा तर्क करायचा मोह होतो. पुरावा मात्र तेवढा नाही. एक गोष्ट नक्की, परदेशी माणसाने भिक्खूंच्या जेवणाची आणि पाण्याची सोय केली आणि ती दगडावर लिहून ठेवली.

माझ्या मते याहून रंजक नोंदी श्रेणींच्या आहेत. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या कारागिरांचा किंवा व्यापाऱ्यांचा संघ. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक टाकं दिल्याचा लेख जुन्नरला आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख येतो. व्यवहार असा की मुद्दल श्रेणीकडे कायम ठेवायचं आणि व्याजातून भिक्खुसंघाचा खर्च चालवायचा. बुरूड आणि कासार त्या काळी ठेवी सांभाळत होते आणि लोक त्यांच्यावर विश्वास टाकत होते! आणखी एका लेखात अदुथुम नावाचा शक उपासक येतो. त्याने कोणाचिक नावाच्या श्रेणीशी बांधून दिलेल्या दानात वडालिका गावातली वीस निवर्तनं जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक गावातली नऊ निवर्तनं वडाच्या झाडांसाठी आहे. निवर्तन हे जमिनीचं जुनं माप. करंजाचं तेल दिव्याला चालतं, त्यामुळे त्या वीस निवर्तनांमागे लेण्यातल्या उजेडाचा हिशेब असावा, अशी मला शंका आहे.

राजसत्ताही या खतावणीत आहे, पण एका ओळीपुरती. मानमोडीतल्या लेखात महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य अयम याने टाकं आणि मंडप दिल्याची नोंद आहे, वर्ष 46. हा शकसंवत मानला तर इसवी सन 124. त्यानंतर लवकरच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडून काढली. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर नहपानाच्या मुद्रेवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा उमटवलेली होती. राजे बदलले तरी श्रेणी, बाजार आणि भिक्खू जुन्नरला होतेच.

आता पाहायचं कसं, ते. जुन्नरची लेणी एका डोंगरात नाहीत. उत्तरेला कुकडी नदीपलीकडे लेण्याद्री, गावाला खेटून शिवनेरी, दक्षिणेला मानमोडी आणि पश्चिमेला पाडळीजवळ तुळजा लेणी. घाईने एका दिवसात दोन डोंगर होतात, पण चारही पाहायचे तर मुक्काम करावा.

लेण्याद्री सोपं. तीनशेच्या आसपास पायऱ्या, तिकीट, वाटेत माकडं आणि लिंबू सरबतवाले. दर्शन झालं की बहुतेक लोक उतरू लागतात. त्यांनी उजव्या-डाव्या बाजूच्या ओळीतली इतर लेणीही पाहावीत. चौदा क्रमांकाचं सपाट छताचं छोटं चैत्यगृह कपिल नावाच्या उपासकाने दिलं होतं. ओळीतून चालताना टाक्यांकडे लक्ष असू द्या. बऱ्याच लेण्यांना स्वतःचं पाणी आहे, पावसाळ्यात कड्यावरून येणारं पाणी खाचा पाडून टाक्यात वळवलेलं आहे. काही टाक्यांची तोंडं लहान आणि पोटं मोठी, म्हणजे ऊन कमी लागतं. खोल्यांच्या दारांच्या चौकटींत लाकडी दार बसवण्यासाठी पाडलेल्या खाचाही दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वी इथे दारं लागत होती, कड्या पडत होत्या.

तुळजा लेण्यांकडे फार कोणी जात नाही, आणि मला विचाराल तर जुन्नरला एकच गट पाहायचा असेल तर हा पाहावा. लेण्यांचा दर्शनी भाग बराचसा कोसळला आहे. एका खोलीत तुळजादेवी बसवलेली आहे, गटाला नाव तिच्यावरून पडलं. तिच्याजवळ एक गोल चैत्यगृह आहे. मधोमध स्तूप, त्याच्याभोवती बारा साधे अष्टकोनी खांब आणि वर घुमट. खांब आणि भिंतीमधून प्रदक्षिणेची वाट जाते. मोठी चैत्यगृहं बहुधा लांबट, घोड्याच्या नालाच्या आकाराची असतात, इथे मात्र सगळं वर्तुळात आहे. अंधेरीजवळच्या कोंडिविटे लेण्यात स्तूपाची खोली गोल आहे, पण खांबांचं कडं नाही. कुठल्या तरी पाथरवटाने लाकडात बांधलेली गोल मांडणी पाहिली असणार आणि ती कातळात उतरवली असणार. घुमटाचा वक्र मापाला चुकलेला नाही. खांबांवर नक्षी नाही, आणि ती नाही म्हणून काही बिघडत नाही.

मानमोडीत तीन गट आहेत: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग. अंबा-अंबिका गटात जैन प्रतिमा आहेत. त्या नंतरच्या, आणि गावकरी त्यांना देवी म्हणून पूजतात. भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग जुन्नरमधला सगळ्यात नटलेला आहे. कमानीत कमळाच्या पाकळ्यांमध्ये लक्ष्मी, हत्ती आणि हात जोडलेली माणसं. आत काम अर्धवट आहे, आणि ज्यांना लेणी कशी खोदतात हे समजून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी अर्धवट लेणंच उत्तम गुरू. काम वरून खाली होत असे. छत आधी पुरं करायचं, मग खांब मोकळे करत खाली यायचं, म्हणजे परांची बांधायची गरज पडत नसे. छिन्नीचे तिरके घाव अजून ताजे वाटावेत असे दिसतात.

शिवनेरीची लेणी कड्याच्या पोटात विखुरलेली आहेत. सात दरवाजांच्या रुळलेल्या वाटेवरून ती नीट भेटत नाहीत. साखळीच्या वाटेने गेलं तर काही लागतात, पण ती वाट सवय असलेल्यांची आहे. लहान मुलं बरोबर असतील तर तिकडे जाऊ नये.

एक मागणी मात्र करावीशी वाटते. इरिलच्या दानाचा, बुरुडांच्या ठेवीचा लेख ज्या भिंतीवर आहे, तिथेच त्याचं दोन ओळींचं मराठी भाषांतर लावायला काय हरकत आहे? आज तिथे त्या लेखांपेक्षा प्रेमवीरांची रंगवलेली नावं जास्त ठळक वाचता येतात. शाळांच्या सहली शिवनेरीला येतातच. एखाद्या मुलाला आपल्या गावच्या कासारांनी भिक्खूंचे पैसे सांभाळले होते हे कळलं, तर तो सातवाहनांचा धडा वेगळ्या नजरेने वाचेल.

वेळ हाताशी असेल तर नाणेघाटही जोडून घ्यावा, जुन्नरहून पश्चिमेला साधारण तीस किलोमीटर. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1828 मध्ये तिथल्या लेण्यातल्या लेखाची दखल घेतली. सातवाहन राणी नागनिकेच्या या लेखात यज्ञांची आणि त्यांतल्या दक्षिणेची यादी आहे, गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं म्हणजे नाणी. त्याच लेण्यात सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते, आता त्यांची पावलं आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत. घाटमाथ्यावरचा मोठा दगडी रांजण जकातीचा मानला जातो.

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात डोंगर देखणा असतो, पण पायऱ्या आणि कातळ शेवाळतात. विजेरी जवळ ठेवा, खोल्यांत उजेड नाही. परिसरात बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा तुळजा आणि मानमोडीहून दिवस मावळायच्या आत खाली या. मानमोडी आणि शिवनेरीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. तिथे अत्तर लावून जाऊ नका, विडी-सिगारेट पेटवू नका आणि आरडाओरडा तर मुळीच नको. मोहोळ उठलं तर लेण्यातली खोली आडोसा देत नाही, कारण तिला आता दार नाही.